एका क्रियापदाची चार पाने

पाचवीला इंग्रजीची वही दोनशे पानी असे आणि तिची शेवटची चाळीस पाने मोकळी सोडायची असत. दर क्रियापदाला चार पाने, म्हणजे दहा क्रियापदे. पहिला मान ‘टेक’चा. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई; पहिलीपासून ते आले २००० साली. म्हणजे मराठी पक्की झालेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही भाषा शिकवायची होती, आणि आमच्या बाईंनी त्या पक्क्या मराठीचाच उपयोग करून घेतला. ती चार पाने कशी भरायची ते इथे सविस्तर लिहितो. आज शाळेत असलेल्या मुलांना ती पद्धत जशीच्या तशी वापरता येईल.

पानाच्या डोक्यावर ‘टेक म्हणजे घेणे’ असे लिहायला सक्त मनाई होती. हा अर्थ खोटा नाही, पण तो मोजक्या जागी बसतो आणि एकदा डोक्यात ठसला की उरलेल्या सगळ्या जागी आडवा येतो. म्हणून पहिल्या पानावर फक्त रूपे: टेक, टुक, टेकन, टेकिंग. ‘टेकिंग’ लिहिताना शेवटचा ई गळतो. ‘टुक’मध्ये ओ दोनदा येत असला तरी उच्चार ऱ्हस्व, ‘बुक’ आणि ‘लुक’सारखा, आपल्याकडे तो सर्रास ‘टूक’ असा लांबवतात. ‘टेक’मधला ए मात्र ‘टेकडी’तल्या ए-सारखा सपाट नाही, शेवटी तो किंचित इ-कडे झुकतो.

रूपांच्या खाली दोन वाक्ये चौकटीत: ‘डिड यू टेक माय पेन?’ आणि ‘आय हॅव टेकन युवर पेन.’ पहिल्यात ‘टुक’ लिहिणारी मुले रूपे विसरलेली नसतात. ‘तू माझं पेन घेतलंस का’ या वाक्यात भूतकाळ ‘घेतलंस’वर दिसतो, म्हणून ती इंग्रजीतही तो क्रियापदावरच ठेवतात. इंग्रजीने तो ‘डिड’वर ठेवलेला असतो आणि एका वाक्यात तो दोनदा लागत नाही. एवढे कारण कळले की ही चूक पुन्हा होत नाही. नुसती लाल रेघ मारली तर दहावीपर्यंत होत राहते.

दुसरे पान ‘घेणे’चे. मधोमध उभी रेघ. डावीकडे ज्या ‘घेणे’ला ‘टेक’ चपखल बसते ती नामे: भाग, शपथ, काळजी, जबाबदारी, सूड, कर्ज, निरोप. ‘भाग घेणे’ म्हणजे ‘टेक पार्ट’, ‘निरोप घेणे’ म्हणजे ‘टेक लीव्ह’. औषधही याच बाजूला, आणि त्याकडे नीट लक्ष द्यायला हवे. आपण गोळी खातो आणि खोकल्याचे औषध पितो, पण इंग्रजीत दोन्हीला ‘टेक’. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे आफ्टर फूड’ असे असेल तर अर्थ एवढाच, की जेवणानंतर एक गोळी, दिवसातून दोनदा.

उजवीकडे ‘टेक’ न चालणारी ‘घेणे’. ही बाजू डावीपेक्षा लांब होते आणि तसेच व्हायला हवे. ‘मी नवीन सायकल घेतली’ याचे ‘आय टुक अ न्यू सायकल’ केले तर ऐकणाऱ्याला वाटते, कुठली तरी सायकल उचलून आणली. तिथे ‘बॉट’ हवे. मात्र सराफ बाजारात दहा अंगठ्या पाहून एकीवर बोट ठेवत ‘हीच घेते’ म्हणायचे असेल, तर ‘आय विल टेक धिस वन’ अगदी बरोबर, कारण तिथे खरेदीपेक्षा निवड सांगायची असते. सभा घेणे म्हणजे ‘होल्ड’, मुलाखत घेणे म्हणजे ‘इंटरव्ह्यू’, काळारामाचे दर्शन घेण्याला तर नेमका शब्दच नाही. देवळात गेलो आणि नमस्कार केला असे सांगावे लागते. ‘चहा घ्या’ याला ‘हॅव सम टी’. आणि ‘जेवून घे’, ‘ऐकून घे’, ‘समजून घे’ यांतले ‘घे’ इंग्रजीत अजिबात उतरत नाही. ते स्वतःपुरते काम उरकण्याची सूचना देणारे मराठी ‘घे’ आहे. तिथे फक्त ‘ईट’, ‘लिसन’, ‘अंडरस्टँड’.

परीक्षेची गोष्ट उलटी आहे, तिला त्याच पानावर तळाशी वेगळी जागा असे. आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतात आणि मुले देतात. इंग्रजीत मुले ‘टेक’ करतात. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ म्हटले तर भारतात सगळ्यांना कळते. बाहेरच्या माणसाला मात्र वाटेल की बोलणारा शिक्षक आहे आणि त्याने पेपर काढला. ‘टेक अ क्लास’मध्ये याहून मोठा घोळ. आपल्याकडे ‘सर आमचा तास घेतात’ यावरून ‘सर टेक्स अवर क्लास’ रूढ झाले आहे आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत तेही चालते, पण अमेरिकेत ‘आय अ‍ॅम टेकिंग अ क्लास’ म्हणणारा हा शिकणारा असतो. परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना हा फरक माहीत हवाच.

तिसरे पान ‘नेणे’ आणि ‘लागणे’ यांचे. माझ्या मते चारही पानांत मोलाचे हेच, कारण ‘टेक’चा रोजचा निम्मा वापर इथे सापडतो आणि ‘घेणे’ धरून बसलेल्याला तो दिसतही नाही.

‘नेणे’ सोपे असायला हवे. बोलणाऱ्यापासून दूर जाते ते ‘टेक’, बोलणाऱ्याकडे येते ते ‘ब्रिंग’. मराठीत नेणे आणि आणणे हीच विभागणी आहे. घोटाळा होतो तो ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ यांमुळे. बोलताना आपण ‘आण’ कमी आणि ‘घेऊन ये’ जास्त म्हणतो, मग त्याचे तुकडे पाडून ‘टेक युवर नोटबुक अँड कम’ असे वाक्य तयार होते. वर्गात हे रोज ऐकू येई. उपाय साधा: इंग्रजी करण्याआधी ‘घेऊन ये’च्या जागी ‘आण’ आणि ‘घेऊन जा’च्या जागी ‘ने’ ठेवून मराठी वाक्य पुन्हा म्हणायचे. ‘वही आण’ म्हटल्याबरोबर ‘ब्रिंग’ आपोआप येते. माणसांनाही हेच लागू. ‘मला नाशिक रोड स्टेशनवर सोड’ म्हणताना ‘लीव्ह मी’ नको. ‘टेक मी टु द स्टेशन’ किंवा ‘ड्रॉप मी अ‍ॅट द स्टेशन’ म्हणावे.

आता ‘लागणे’. ‘सीबीएसवरून त्र्यंबकला जायला एक तास लागतो.’ सीबीएस म्हणजे नाशिकचे मध्यवर्ती बसस्थानक. या वाक्याचा साचा वहीत मोठ्या अक्षरांत लिहायचा: आधी ‘इट’, मग ‘टेक्स’, मग वेळ, मग ‘टु’ आणि क्रियापद. ‘इट टेक्स अ‍ॅन अवर टु गो टु त्र्यंबक फ्रॉम सीबीएस.’ कोणाला वेळ लागतो ते सांगायचे असेल तर तो माणूस ‘टेक्स’ आणि वेळ यांच्या मध्ये, कुठलाही प्रत्यय न लावता: ‘इट टेक्स मी ट्वेंटी मिनिट्स टु रीच स्कूल.’ मराठीत ‘मला’ आधी येते म्हणून मुले ‘टु मी’ने सुरुवात करतात आणि तिथेच वाक्य अडते. दुसरी चूक वचनाची. ‘वीस मिनिटं लागतात’ यात क्रियापद मिनिटांप्रमाणे अनेकवचनी होते, इंग्रजीत कर्ता ‘इट’ असल्यामुळे ‘टेक्स’च राहते, मिनिटे वीस असोत की दोनशे. काल लागली असतील तर ‘टुक’, उद्या लागणार असतील तर ‘विल टेक’.

जी गोष्ट वेळ खाते तीही कर्ता होऊ शकते आणि तेव्हा वचन तिच्याप्रमाणे. निफाड, पिंपळगावकडच्या मुलांसाठी फळ्यावरचे नमुना वाक्य गोडी छाटणीचे, म्हणजे द्राक्षवेलींच्या ऑक्टोबरातल्या छाटणीचे असे: ‘आफ्टर द ऑक्टोबर प्रूनिंग, द ग्रेप्स टेक अबाउट फोर मंथ्स टु राइपन.’ इथे द्राक्षे अनेक, म्हणून ‘टेक’. घरच्या बागेतले वाक्य असल्यामुळे त्याचा साचा कायम लक्षात राही.

वेळेसारखीच माणसे, ताकद आणि धैर्य यांनाही हा साचा चालतो. ‘हे कपाट हलवायला चार माणसं लागतील’ म्हणजे ‘इट विल टेक फोर पीपल टु मूव्ह धिस कपबोर्ड.’ पैशांना मात्र ‘कॉस्ट’. भूक, तहान, झोप, ठेच, ऊन यांतले लागणे वेगळ्याच घरचे, त्यांचा ‘टेक’शी संबंध नाही. कसाऱ्याच्या घाटात ज्यांना बस लागते त्यांनाही ‘टेक’ची मदत होत नाही, ‘आय फील सिक ऑन द बस’ असे साधे वाक्य पुरते.

चौथे पान ‘काढणे’पासून सुरू होते. फोटो काढणे ‘टेक’, टिपणे काढणे ‘टेक’. चित्र काढण्याला मात्र ‘ड्रॉ’. हातात पेन्सिल असताना ‘आय टुक अ पिक्चर’ म्हटले तर ऐकणारा कॅमेरा शोधेल. बूट काढणे ‘टेक ऑफ’, दप्तरातून डबा काढणे ‘टेक आउट’, भिंतीवरचे कॅलेंडर काढणे ‘टेक डाउन’. मराठी ‘काढणे’ कुठून काढले ते सांगत नाही, इंग्रजीला ते सांगावेच लागते आणि त्यासाठी ही शेपटे. पृष्ठभागावरून किंवा अंगावरून निघाले की ‘ऑफ’, आतून निघाले की ‘आउट’, उंचावरून खाली आले की ‘डाउन’. या तीन शब्दांना त्यांचा मूळ अर्थ राहू दिला की निम्मी जोडक्रियापदे पाठ करावी लागत नाहीत. ओझरच्या धावपट्टीवरून विमान ‘टेक ऑफ’ करते, त्यातही जमिनीवरून सुटणे आहेच.

शब्दक्रमाचा एक नियम मात्र पाठ करावा. वस्तूचे नाव शेपटाच्या आधी किंवा नंतर कुठेही चालते, ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’. नावाच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आले की ते मध्येच बसते: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ कधीही नाही. याला अपवाद ‘टेक आफ्टर’, म्हणजे एखाद्यावर जाणे. ‘ती आईवर गेली आहे’ हे ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’. तिथे आई ‘आफ्टर’च्या नंतरच येते, ‘हर’ केले तरी.

‘टेक प्लेस’ याच पानावर. सिंहस्थ दर बारा वर्षांनी भरतो, स्नेहसंमेलन डिसेंबरात होते, सामना मैदानावर झाला. हे ‘भरणे’ आणि ‘होणे’ म्हणजे ‘टेक प्लेस’. ‘द सिंहस्थ टुक प्लेस इन २०१५’ बरोबर, ‘वॉज टेकन प्लेस’ चूक. कार्यक्रम कोणी तरी भरवतो हे मनात असते म्हणून तो ‘वॉज’ घुसतो, पण ‘टेक प्लेस’ला कर्मणी रूप नाही. वर्तमानपत्राला पाठवायच्या बातम्यांतही ही चूक मी पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

थोडे आडवळण घेतो. ‘टेक’ मुळात इंग्रजीचे नाही. ते उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘टाका’ या क्रियापदापासून आले. त्याआधी इंग्रजीत घेण्याला ‘निमन’ हे क्रियापद होते, जर्मनच्या ‘नेमन’चे भावंड. नव्याने जुन्याला हुसकावले. ‘निमन’चे वंशज म्हणून ‘नम’ म्हणजे बधिर आणि ‘निंबल’ म्हणजे चपळ हे दोन शब्द मागे राहिले. ‘नम’चा मूळ अर्थ घेतला गेलेला, म्हणजे ज्याची संवेदना काढून घेतली आहे असा. बाहेरून आलेले क्रियापद भाषेच्या इतक्या आत जाऊन बसते, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता वही भरण्याची रीत. रोज तीनच वाक्ये, आणि तीही आधी मराठीत, त्या दिवशी घरात किंवा रस्त्यात खरोखर कानावर पडलेली. वाक्यातल्या मराठी क्रियापदाखाली रेघ मारायची. मग ते चारपैकी कुठल्या पानाचे ते ठरवायचे, आणि त्यानंतर इंग्रजी. सुटा शब्द कधी लिहायचा नाही. नामासकट, शेपटासकट, शक्य तर गावाच्या नावासकट पूर्ण वाक्य. दुसऱ्या दिवशी उजवीकडचे इंग्रजी पोस्टकार्डाने झाकून डावीकडच्या मराठीवरून मोठ्याने म्हणायचे. अडले तर त्या ओळीपुढे टिंब. तीन टिंबे झालेले वाक्य शनिवारी फळ्यावर. एका ‘टेक’ला साधारण महिना पुरतो, म्हणजे सुट्ट्या वगळून सत्तर-पंच्याहत्तर वाक्ये.

बिघडते ते दोन ठिकाणी. एक, एका बसणीत वीस-पंचवीस जोडक्रियापदे उतरवून काढणे. ‘टेक इन’, ‘टेक ऑन’, ‘टेक ओव्हर’, ‘टेक टु’ अशी ओळीने पाठ केलेली रूपे आठवड्यात एकमेकांत मिसळतात, कारण सगळ्यांचा चेहरा एकच आणि कोणाचाही प्रसंग आठवत नाही. दोन, गाइडमधली वाक्ये उतरवणे. लंडनच्या गाडीला किती वेळ लागतो याची नाशिकच्या मुलाला गरज पडत नाही. पंचवटी एक्स्प्रेसला किती लागतो याची पडते, आणि गरजेचे वाक्य तोंडात बसते.

‘टेक’ संपले की लगेच ‘गेट’ला हात घालायचा नाही, असा बाईंचा आग्रह असे. मध्ये ‘गिव्ह’ आणि ‘ब्रिंग’. ‘गेट’मध्ये मिळणे, होणे, पोहोचणे आणि आणणे एकत्र येते आणि त्याला चार पाने पुरत नाहीत, आठ सोडावी लागतात.