बाईंनी दिलेला 'र'

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, पाकिटावर शाळेचा तोच गोल शिक्का दिसला आणि कोर्टाची फाइल बाजूला राहिली. लिहायचं तर मुख्याध्यापक सरांबद्दल, गॅदरिंगबद्दल, पी.टी.च्या तासाबद्दल, सगळ्यांबद्दल लिहायला हवं. पण पेन उचललं की मला इंग्रजीच्या बाईच दिसतात. इतर गुरुजनांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.

आठवीपर्यंत मला 'र' म्हणता येत नव्हता. माझा रविवार 'लविवाल' व्हायचा. आठवी ब मध्ये एकदा बाईंनी मला शेरलॉक होम्सचा उतारा वाचायला उभं केलं. दुसऱ्याच ओळीला वर्गात हशा पिकला. बाई कुणावर ओरडल्या नाहीत. माझ्या बाकाजवळ आल्या, पुस्तकावर बोट ठेवून तेच वाक्य त्यांनी स्वतः वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. मग मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून पावणेसातला ये. ग्रंथालयामागच्या खोलीत."

ती खोली आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फाटके नकाशे, मोडकी बाकं, एकच खिडकी. तिथे इंग्रजीच्या बाईंनी मला काय म्हणायला लावलं असेल? रामरक्षेतला 'रामो राजमणिः'. त्या श्लोकात रामाच्या साऱ्या विभक्ती येतात, म्हणजे 'र' चुकवायला जागाच नाही. रोज वीस वेळा. जीभ टाळूला कुठे लागते ते बाई आरसा धरून दाखवायच्या. दिवाळीनंतर एका सकाळी 'रामो' स्वच्छ उमटला. बाईंनी आरसा खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

त्याच वर्षी त्यांच्या इंग्लंडमधल्या भावाने व्हिडिओ कॅसेट पाठवल्या होत्या. ग्रॅनाडा टेलिव्हिजनची होम्स मालिका, होम्सच्या भूमिकेत जेरेमी ब्रेट. प्रयोगशाळेतल्या टीव्हीवर बाईंनी आम्हाला दोन भाग दाखवले. "गोष्ट नंतर बघा, आधी या माणसाच्या तोंडाकडे बघा. शब्द कसा सुटतोय!" भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, पण तो आवाज अजून कानात आहे. हलक्या आवाजातलं शेवटचं व्यंजनसुद्धा मागच्या बाकापर्यंत पोहोचायचं.

वकिली सुरू झाल्यावर मी ब्रेट यांच्याबद्दल मिळेल ते वाचू लागलो आणि एके रात्री एका ओळीवर थबकलो. ब्रेट यांनाही लहानपणी 'र' म्हणता येत नव्हता! किशोरवयात शस्त्रक्रिया झाली, पण पुढे जन्मभर, काम असो वा नसो, ते रोज उच्चारांचा सराव करत.

३ नोव्हेंबर १९३३ ला वॉरिकशरमधल्या बर्क्सवेल गावी त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव हगिन्स. वडील लष्करी अधिकारी. मुलाने नट व्हावं आणि घराण्याचं नाव रंगमंचावर न्यावं हे त्यांना पटेना. तेव्हा मुलाने आपल्या पहिल्या सुटावरच्या शिंप्याच्या लेबलावरून 'ब्रेट' हे नाव घेतलं. ईटनसारख्या शाळेत त्यांचा अभ्यास यथातथाच होता, अक्षरं डोळ्यांपुढे गोंधळ घालत. त्यांना तिथे आमच्या बाई भेटल्या असत्या तर, असं मला नेहमी वाटतं.

१९५४ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमधून त्यांनी व्यवसायात पाऊल टाकलं. पुढे सिनेमे आले, थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमधली नाटकं आली. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर त्यांनी होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसनही केला. होम्स म्हणून ते पडद्यावर दिसले एप्रिल १९८४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत. मालिकेत होम्स राहतो ती बेकर स्ट्रीट लंडनची नव्हे, मँचेस्टरला स्टुडिओच्या आवारात उभारलेली. होम्स कसा बसतो, काय खातो, काय पितो, कसा चिडतो, याच्या नोंदींची सत्त्याहत्तर पानी फाइल हाताशी ठेवून हे काम चालायचं. उलटतपासणीची तयारी करताना मला ती फाइल आठवते. एकेक बारकावा कागदावर उतरवल्याशिवाय मी कोर्टात उभा राहत नाही.

१९८५ मध्ये पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेल्या आणि ब्रेट कोसळले. उन्माद आणि नैराश्याचा तो आजार होता. त्यावर लिथियम हे औषध सुरू झालं, शरीरात पाणी साठू लागलं, देह सुजला. लहानपणच्या संधिवाती तापाने हृदय आधीच कमकुवत झालेलं. नंतरच्या भागांतला जड, धापा टाकणारा होम्स बघवत नाही. पण डोळे मिटून ऐका, शब्द तसाच धारदार आहे. याच काळात त्यांनी होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या कन्येची परवानगी घेऊन एका भागात होम्सला कोकेनची सुई समुद्रकाठच्या वाळूत पुरायला लावली. लहान मुलं मालिका बघतात, ही त्यांची तळमळ. एकेचाळीस भाग करून १९९४ मध्ये मालिका थांबली आणि १२ सप्टेंबर १९९५ ला ते गेले. मी तेव्हा दहावीत होतो. दसऱ्याच्या सुमारास बाईंच्या भावाचं पत्र आलं आणि त्यांनी ती बातमी वर्गात सांगितली. त्या तासाला धडा झाला नाही.

त्यांच्या 'र' ची गोष्ट बाईंना सांगायची होती. फोनवर नको, समोर बसून सांगू, असं म्हणत राहिलो. तारखा, पक्षकार, मुलीची परीक्षा. गेल्या श्रावणात बाई गेल्या. त्यांना ती गोष्ट आधीच माहीत होती का, म्हणूनच त्यांनी ती कॅसेट लावली होती का, हे विचारायचं राहून गेलं.

आजही कोर्टात निघण्याआधी मी 'रामो राजमणिः' म्हणतो. ग्रंथालयामागच्या खोलीत आता सर्व्हर ठेवलाय आणि दाराला कुलूप असतं, असं ऐकलं. संयोजकांना एकच विनंती आहे. सोहळ्याच्या दिवशी मी सकाळी पावणेसातला येईन. पंधरा मिनिटांसाठी ती खोली उघडी ठेवा.