गाण्याचा सातबारा: डॉली पार्टन आणि नॅशव्हिलचा धंदा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला आलेला पाहुणा पहिल्याच संध्याकाळी लोअर ब्रॉडवेवर जातो. ओळीने बार, प्रत्येकात एक बँड, दारं सताड उघडी आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत साधारण चार-चार तासांच्या पाळ्या लागलेल्या असतात. मध्येच बादली फिरते, कारण मालकाकडून मिळतं ते जेमतेम. वाजवणाऱ्याचं घरभाडं टिपवरच निघतं. ऐकायला मजा येते. पण तिथे वाजतात ती बहुतेक दुसऱ्यांची गाणी, आणि ती ज्यांची आहेत ती माणसं मैल-दीड मैलावर, सोळाव्या-सतराव्या ॲव्हेन्यूवरच्या म्युझिक रोमध्ये बसतात. बाहेरून साधी राहती घरं वाटतात, पुढे ओटा, मागे पार्किंग. आत गाणी लिहिली जातात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कुणाच्या नावावर चढणार ते ठरतं.

जमिनीला सातबारा असतो तसा इथे गाण्यालाही असतो. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या संगीतातल्या गायकाची कारकीर्द समजून घ्यायची तर आवाज, टोपी आणि गिटार जरा बाजूला ठेवून आधी हा उतारा वाचावा. तो सगळ्यात नीट वाचलेली बाई म्हणजे गायिका आणि गीतकार डॉली पार्टन.

जन्म १९ जानेवारी १९४६, पूर्व टेनेसीच्या डोंगरात, सेव्हियर काउंटीत. बारा भावंडांत चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरची फी वडिलांनी पोतंभर मक्याचं पीठ देऊन भागवली. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेबाला माणूस पक्का, असं डॉली आजही सांगते. आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून शाळेत गेल्यावर पोरं हसली. आपल्याकडे ज्याला गोधडीचं काम म्हणू त्यातला तो प्रकार. पुढे पोर्टर वॅगनर या कंट्री गायकाच्या दौऱ्यात, बसमध्ये कागद हाताशी नव्हता म्हणून वॅगनरच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर तिने त्या कोटाचं गाणं लिहिलं. तिच्या लिहिण्याची रीत त्यात पूर्ण दिसते: एक वस्तू, एक प्रसंग, नावनिशीवार तपशील आणि शेवटच्या ओळीपर्यंत न सुटणारा धागा. कंट्रीमध्ये उपमा-उत्प्रेक्षांपेक्षा हे जास्त चालतं.

दहाव्या वर्षी नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर, तेराव्या वर्षी ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या रंगमंचावर. १९६४ मध्ये हायस्कूल संपलं आणि दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिलची बस धरली. इथे नवख्या लोकांचा एक गैरसमज मोडतो. तिला पहिलं यश गायिका म्हणून मिळालंच नाही. मामा बिल ओवेन्सबरोबर लिहिलेलं तिचं गाणं १९६६ मध्ये बिल फिलिप्सने गायलं, ते कंट्रीच्या पहिल्या दहात गेलं. त्यात मागे सूर धरणारा आवाज तिचा, पण तबकडीवर तिचं नाव गायिका म्हणून नव्हतं. गीतकार म्हणून मात्र होतं, आणि पैसा त्या नावाला येतो.

१९६७ मध्ये वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात जागा मिळाली. सात वर्षांनी स्वतंत्र व्हायचं ठरलं तेव्हा भांडून उपयोग होईना, म्हणून तिने निरोपाचं गाणं लिहून त्याला ऑफिसात ऐकवलं. हेच ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. प्रेमभंगाचं गाणं म्हणून जग ते ऐकतं. मुळात तो एका कामाच्या नात्याचा राजीनामा आहे. १९७४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. मग एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याचा निरोप आला: एल्व्हिस गाणार असेल तर प्रकाशनाचा अर्धा हिस्सा आमचा. डॉलीने नकार दिला आणि रात्रभर रडली.

हा अर्धा हिस्सा म्हणजे नेमकं काय, ते पाहू. अमेरिकेत प्रत्येक गाण्याच्या मिळकतीचे दोन समान भाग धरतात, एक गीतकाराचा आणि एक प्रकाशकाचा, म्हणजे गाणं गायकांपर्यंत पोचवून त्याचे पैसे वसूल करणाऱ्याचा. इथे गीतकार म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही करणारा. आपल्यासारखी कवी वेगळा, संगीतकार वेगळा अशी वाटणी कंट्रीत सहसा नसते. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला कायद्याने ठरलेला दर मिळतो. हा दर १९०९ मध्ये २ सेंट ठरला आणि १९७७ संपेपर्यंत तसाच राहिला. म्हणजे १९७४ च्या हिशेबाने गीतकाराला १ सेंट, प्रकाशकाला १ सेंट, आणि पार्कर मागत होता तो प्रतीमागे अर्धा सेंट. ऐकायला चिल्लर. पण हिस्सा एकदा लिहून दिला की तो एल्व्हिसच्या तबकडीपुरता राहत नाही. पुढे जगात जो कोणी ते गाईल त्या प्रत्येकातून तो कापला जातो. १९७४ च्या गाण्याचा हक्क ९५ वर्षांचा, म्हणजे २०६९ अखेरपर्यंतचा. हे गाणं पुढे डॉलीच्या स्वतःच्या वेल्व्हेट ॲपल म्युझिक या प्रकाशन कंपनीच्या नावावर आलं, त्यामुळे दोन्ही भाग तिचेच झाले.

१९८२ मध्ये तिनेच ते पुन्हा गायलं आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने चित्रपटासाठी गायलं, ते अमेरिकेच्या मुख्य यादीत १४ आठवडे पहिलं होतं. आता यातली खरी गंमत. अमेरिकेतलं एएम-एफएम रेडिओ केंद्र गाणं वाजवल्याबद्दल गीतकार आणि प्रकाशकाला पैसे देतं, गाणाऱ्याला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एक सेंटही देत नाही. व्हिटनीचा आवाज रेडिओवर जितक्यांदा घुमला, तितक्यांदा रेडिओचे पैसे डॉलीकडे गेले.

गाणं एकदा प्रसिद्ध झालं की दुसऱ्या गायकाला ते ध्वनिमुद्रित करण्यापासून रोखताही येत नाही; त्याने ठरलेला दर भरला की झालं. म्हणून कंट्रीतली माणसं आपलं गाणं दुसऱ्याने गायलं की रागावत नाहीत, मोजत बसतात.

वॅगनरशी संबंध तोडणं मात्र स्वस्तात पडलं नाही. करारभंगाबद्दल त्याने १९७९ मध्ये ३० लाख डॉलरचा दावा लावला, तो पुढे कोर्टाबाहेर मिटला. नातं गोड असताना केलेले करारच सगळ्यात नीट वाचावे लागतात, हे इथल्या वकिलांचं पोट भरण्याचं मुख्य कारण.

आजचा दिवसक्रम असा. सकाळी दहा-अकराला प्रकाशकाच्या खोलीत दोघं-तिघं जमतात. याला को-राइट म्हणतात. कॉफी, इकडच्यातिकडच्या गप्पा, मग प्रत्येकाने फोनमध्ये जमवलेली शीर्षकं निघतात. आधी शीर्षक, म्हणजेच हुक, ठरतो. कडवी त्या ओळीपर्यंत पोचण्यासाठी उलटी बांधत नेतात. पहिल्या कडव्यात माणूस आणि जागा, दुसऱ्यात काळ पुढे सरकतो, मग तीच धृपदाची ओळ पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ बदललेला असावा लागतो. कीर्तनात बुवा अभंगाचं एकच चरण दर खेपेला नव्याने उघडतात, तसंच. दोन-तीन तासांत गाणं झालं की फोनवर वर्क टेप: एक गिटार, एक आवाज.

उठण्याआधी वाटणीचा कागद. नॅशव्हिलची रीत अशी की खोलीत जेवढे होते तेवढे समान भाग. एकाने फक्त चार शब्द दिले तरी. नवे लोक इथेच लाजतात, ‘नंतर बघू’ म्हणतात, आणि गाणं गाजल्यावर टक्क्यांची बेरीज १२० भरते. बेरीज १०० झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, अडकून पडतात. नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असेल तरी तेच. मराठी नावांना हा धोका जास्त: कुठे वडिलांचं नाव मधे आलं, कुठे गळालं. एकच रूप ठरवून सगळीकडे तेच लिहावं.

नोंदणी दोन वेगळ्या ठिकाणी करावी लागते आणि निम्मे लोक एकीवरच थांबतात. रेडिओ, बार, मैफल यांचे पैसे ॲस्कॅप किंवा बीएमआयसारखी संस्था गोळा करते. स्ट्रीमिंगमधला प्रतींसारखा मोजला जाणारा हिस्सा मात्र एमएलसी नावाची संस्था देते. ती २०१८ च्या कायद्याने निर्माण झाली आणि २०२१ पासून चालते. सभासदत्व फुकट आहे. ज्यांचा प्रकाशक नाही त्यांनी तिथे स्वतः नोंद केली नाही तर ती रक्कम बेवारस पडून राहते. भारतात गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व असेल तर तिने कोणते प्रदेश सांभाळायचे ते आधी तपासावं; एका प्रदेशाचा एकच हक्क दोन संस्थांना देता येत नाही. आपल्याकडे चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडे जाणं वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं होतं. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता न येणारा केला. त्यामुळे महाराष्ट्रात लिहिणाऱ्यालाही हा उतारा परका नाही.

प्रकाशक गीतकाराला दरमहा रक्कम देतो, तिला ड्रॉ म्हणतात. पगार समजून पोरं खूश होतात. ती उचल असते. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. समजा महिना २,००० डॉलर, तीन वर्षं: ७२,००० डॉलर अंगावर. आता २०२५ चा दर धरू, तो प्रतीमागे १२.७ सेंट होता. गीतकार दोन, आणि तुमच्या वाटणीतला प्रकाशकाचा अर्धा भाग पूर्ण त्याचा, तर तुमच्या हातात ३.१७५ सेंट. एक लाख प्रती खपल्या तर ३,१७५ डॉलर, आणि तेही उचलीत वळते. उचल फिटते ती रेडिओवर गाजलेल्या गाण्याने. अल्बमच्या कोपऱ्यात पडलेल्या गाण्याने आता फिटत नाही. म्हणून करार करताना ड्रॉचा आकडा कमी आला तरी चालेल, पण प्रकाशकाच्या भागातला अर्धा मागावा. मग एकूण मिळकतीत तुमचे ७५ टक्के होतात. आणि ‘तुमच्या शब्दांना चाल लावून प्रसिद्ध करतो, इतके डॉलर पाठवा’ म्हणणारा प्रकाशक नसतोच. खरा प्रकाशक गीतकाराकडून फी घेत नाही.

होल्ड हा आणखी एक छळ. एखाद्या गायकाची माणसं ‘हे गाणं आमच्यासाठी राखून ठेवा’ म्हणतात. महिनोन्महिने ते दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि बहुतेकदा शेवटी उत्तर नाही असंच येतं. राखून ठेवल्याचे पैसेही सहसा मिळत नाहीत.

स्टुडिओत गेलात तर सरगम शिकलेल्या मराठी माणसाला एका गोष्टीत आयती सोय आहे. वादकांपुढे स्वरलिपी नसते, आकड्यांचा कागद असतो. ही नॅशव्हिल नंबर पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकांच्या गटातल्या नील मॅथ्यूज यांनी सुरू केली. १ म्हणजे सा वरचा कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर), ४ म्हणजे म वरचा, ५ म्हणजे प वरचा. ६ पुढे आडवी रेघ म्हणजे ध वरचा मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा कॉर्ड. एक आकडा म्हणजे एक बार, म्हणजे तालाचं एक माप. दोन आकड्यांखाली रेघ असेल तर एका बारमध्ये दोन्ही निम्मे-निम्मे. आकड्याभोवती चौकट तिरकी काढली, शंकरपाळ्यासारखी, की एकदा छेडून घुमू द्यायचं. गायिकेचा गळा आज बसला आहे, काळी चारऐवजी काळी दोन हवी? कागद तोच राहतो, सा फक्त खाली येतो. तीन तासांच्या सत्रात अनेक गाणी उरकतात ती यामुळे. घोटाळा होतो मायनर गाण्यांत: त्यांच्या मूळ सुराला कुणी १ लिहितो, कुणी ६. वाजवायला सुरुवात करण्याआधी विचारून घ्यावं.

जुनं काम पाहायचं तर १९५७ चा आरसीए स्टुडिओ बी आता कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमतर्फे दाखवला जातो. पहिल्या ध्वनिमुद्रणाला उशीर झाला म्हणून डॉलीने गाडी ज्या भिंतीवर घातली ती जागा गाइड न चुकता दाखवतात.

नोकरीसाठी आलेल्यांसाठी एक कोरडी सूचना. एच-१बी व्हिसावर ज्या कंपनीने आणलं तिचंच काम करता येतं. बारमध्ये टिपवर वाजवणं हेही कामच धरलं जातं. पर्यटक व्हिसावर तर पैसे घेऊन गाणं नाहीच. आधी वकिलाला विचारावं, मग गिटार बाहेर काढावी.

गाणी ज्यांची आहेत त्यांच्या तोंडून ऐकायची असतील तर ब्रॉडवे सोडून ग्रीन हिल्सला ब्लूबर्ड कॅफेत जावं. दुकानांच्या रांगेतला एक गाळा, जेमतेम ९० खुर्च्या, १९८२ पासूनचा. मधोमध चार गीतकार एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पाळीपाळीने गातात. ही पद्धत १९८५ मध्ये इथेच पडली. तिकिटं ऑनलाइन निघतात आणि काही मिनिटांत संपतात. आत बोलायचं नाही. कुजबुजलात तरी गप्प करतात. सोमवारी ओपन माइक असतो. तिथे दुसऱ्याचं गाणं चालत नाही, स्वतःचं लिहिलेलं लागतं.