मेळघाट: सात दिवसांची शिदोरी

परतवाड्याचा बाजार उघडला तेव्हा मी यादी घेऊन किराण्याच्या दुकानासमोर उभी होते. शेजारी आमच्या कॅम्पचे अनुभवी वनमजूर काका. सिपना नदीच्या वरच्या अंगाला एका संरक्षण कुटीत आम्हा चौघांना सात दिवस राहायचं होतं. तिथे वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि शेवटचा टप्पा पायी. विसरलेली वस्तू आठ दिवस विसरलेलीच राहते.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या 9 व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वाघ टिकतो तो सांबर, गवा, भेकर यांच्या जिवावर, आणि आमचं काम त्यांच्याच मोजणीचं. 2 किलोमीटरची सरळ रेषा आखायची, उजाडताच तिच्यावरून चालायचं. प्राणी दिसला की संख्या, त्याचं अंतर आणि कोन लिहायचा. दोन रेषा, प्रत्येकीवर तीन सकाळी. पहिला दिवस रेषा मोकळी करण्यात जातो.

ऐकायला सोपं वाटतं. पण फेब्रुवारीच्या शेवटी सागाची पानं गळून पायाखाली वाळलेली असतात. एक पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि आपल्याला दिसण्याआधीच भेकर भुंकून पसार. म्हणून कडक तळव्याचे ट्रेकिंगचे बूट मी घरीच ठेवले; मऊ तळव्याचे कॅनव्हासचे घेतले. पँट मोज्यात खोचायची, गोचिडांसाठी. कपडे मातकट. सुगंधी साबण नाही. नोंदींना पेन्सिल, कारण दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेनाची शाई पसरते. अंतर मोजणारा रेंजफाइंडर, त्याच्या जादा बॅटऱ्या आणि होकायंत्र मी माझ्याच पिशवीत ठेवते, दुसऱ्या कुणाला देत नाही.

औषधांच्या डब्यावर मात्र खूप वेळ गेला. सर्पदंशावरचं प्रतिविष आम्ही सोबत नेत नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. त्यापेक्षा रात्री-अपरात्री माणसाला उचलून गाडीपर्यंत कसं आणायचं, गाडी कुठे उभी असेल, किल्ली कुणाकडे असेल, हे चौघांनाही तोंडपाठ हवं. परतवाड्यातल्या लॉजवर आदल्या रात्री आम्ही ते तीनदा बोललो. चौथ्यांदाही बोललो असतो तर मला चाललं असतं.

महाराष्ट्रात 15 फेब्रुवारीपासून जंगलातल्या आगीचा हंगाम धरतात. त्यामुळे उघड्यावर चूल नाही; कुटीच्या आत छोटी गॅसची शेगडी. गॅस मोजका, म्हणजे स्वयंपाकही लवकर शिजणारा: मूगडाळ, तांदूळ, पोहे. चालताना खायला फुटाणे आणि गूळ. ज्वारीचं पीठ काकांच्या आग्रहाने घेतलं.

ते कोरकू आहेत. सिपना म्हणजे त्यांच्या भाषेत साग, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून ती नदी मला झाडांसकटच दिसते. माझी यादी त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "मीठ किती ताई?"

"एक किलो. बास ना?"

"बास तं हाय. पन एका पिशवीत नोका ठेवू."

मागच्या खेपेला नाला ओलांडताना एकाचा पाय घसरला होता आणि मिठाची एकुलती एक पुडी त्याच्याच पाठीवरच्या पिशवीत होती. पुढचे चार दिवस आम्ही अळणी वरण-भात खाल्ला. तिसऱ्या दिवसापर्यंत चढावर सगळ्यांचे पाय जड झाले होते आणि कुणीच कुणाशी धड बोलत नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर बसून काकांनी मिठाचे चार भाग केले. प्रत्येक भाग प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला पीळ, पीळ उलटा दुमडून त्यावर दोऱ्याची गाठ. मग एकेक पुडी चौघांच्या पिशव्यांत, अगदी तळाशी, कोरड्या कपड्यांच्या घडीत. माझी पुडी त्यांनी स्वतः ठेवली आणि वरून हाताने दाबून पाहिली.

"पानी झऱ्याले भेटन," ते म्हणाले, "मीठ कोन देईन?"

सेमाडोहच्या अलीकडे घाटात मी आईला फोन लावला. "आता पुढच्या रविवारी," एवढं बोलून होतंय तोवर रेंज गेली.