पोटमाळा हे नाव कसे ठरले

आमच्या कोथरूडच्या सदनिकेत स्वयंपाकघराच्या दारावर एक पोटमाळा आहे. त्यावर एक पितळी घंगाळ, गौरीचे मखर आणि ध्वनिफितींनी भरलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका अशी मालमत्ता होती. माझ्या वडिलांना माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा नाद होता, आणि सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत असताना त्यांनी शेजारणींच्या ओव्या, आजीच्या तोंडच्या कहाण्या, मुंजीतली मंगलाष्टके, पाहुण्यांचे वादविवाद, असे काय काय टिपून ठेवले होते. त्या फितींसाठी मी गेल्या वर्षी घरातूनच एक छोटासा इंटरनेट रेडिओ सुरू केला. चित्रपटगीते त्यावर लावायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरले, कारण त्यांचे हक्क विकत घेण्याची माझी ऐपत नाही. तांत्रिक जुळवाजुळवीला दोन शनिवार-रविवार पुरले. नाव ठरवायला मात्र चार महिने लागले, आणि त्यांतले तीन आठवडे मी चुकीच्या नावाने प्रसारण करत होतो.

हौशी माणसाला रेडिओचे नाव निवडावे लागते, ही अडचण इंटरनेटने आणली. आपल्याकडे परवान्याशिवाय एफएम प्रसारण करता येत नाही. सामुदायिक रेडिओचे परवाने २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागले, म्हणूनच पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर ऐकू येते. परंतु एकट्यादुकट्या व्यक्तीला तो परवाना मिळत नाही. माझा एक मित्र हॅम, म्हणजे हौशी बिनतारी संदेशक, आहे. परीक्षा देऊन त्याने परवाना मिळवला आणि सरकारने त्याला ‘व्हीयू२’ने सुरू होणारे संबोधनचिन्ह (कॉल साइन) दिले. त्याला हवेवर गाणी किंवा कार्यक्रम लावता येत नाहीत, पण स्वतःला काय म्हणवून घ्यावे या विवंचनेत त्याचा एक क्षणही गेलेला नाही. १९३०च्या दशकात दिल्ली केंद्रालाही ‘व्हीयूडी’ आणि मुंबई केंद्राला ‘व्हीयूबी’ अशी चिन्हे होती. इंटरनेटवर असे चिन्ह कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. लहरींचा आकडाही नसतो. म्हणजे श्रोत्याने लक्षात ठेवावे असे तुमच्याजवळ एकच असते, ते म्हणजे नाव.

या निमित्ताने मी जुनी नावे कशी ठरली हे वाचू लागलो, आणि त्यांतल्या एका गोष्टीने मला फार धीर दिला. आपल्या देशातले सर्वांत मोठे प्रसारण-नाव एका हौशी माणसाच्या घरातून आलेले आहे. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी एक छोटे केंद्र उभारले, आणि त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’ होते. पुढे ते नाव अख्ख्या देशाचे झाले. सरकारी यंत्रणेचे त्या काळातले नाव ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ असे लांबलचक होते. बीबीसीतून तिचे प्रमुख म्हणून आलेले लायोनेल फिल्डन यांना ते मुळीच आवडत नव्हते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की, एका मेजवानीनंतर त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गाठले, ‘ब्रॉडकास्टिंग’ हा शब्द इथल्या लोकांच्या जिभेला वळत नाही अशी तक्रार केली, आणि बोलणे असे काही फिरवले की ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आपल्यालाच सुचले असे व्हाइसरॉयना वाटावे. जून १९३६ मध्ये ते नाव लागू झाले. यातला मुत्सद्देगिरीचा भाग मनोरंजक आहे, पण मला त्यातला जिभेचा मुद्दा महत्त्वाचा वाटला. दुकानाचे नाव पाटीवर असते आणि वाचले जाते. रेडिओचे नाव मात्र कोणीतरी तोंडाने उच्चारल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही.

हे मला कळले ते उशिरा. सुरुवातीला मी वहीत जी नावे लिहिली ती सगळी डोळ्यांना छान दिसणारी होती. तरंग, लहरी, नाद, स्वर, ध्वनी यांच्या सगळ्या जोड्या आधीच कोणी ना कोणी घेतलेल्या आहेत. व्यापारचिन्हांच्या सार्वजनिक नोंदणीत प्रसारणासाठी ३८ आणि करमणुकीसाठी ४१ असे वर्ग आहेत. तिथे तासभर शोधल्यावर माझी अर्धी वही खोडली गेली. ‘वाणी’वर संपणारे नाव पुण्यात ठेवले तर ते विद्यापीठाचे भावंड वाटणार, आणि शिवाय माझ्या पत्नीने विचारले, “किराणा पण ठेवणार आहेस का?” ‘कट्टा’ या शब्दाची पुण्यात इतकी झीज झाली आहे की त्यावर आता कोणी बसत नाही. ‘पुणेरी’ हे विशेषण मिसळीपासून गाद्यांपर्यंत सगळ्यांना लागून झाले आहे, आणि ते स्वतःच स्वतःला लावून घेणे मला थोडे ओशाळवाणे वाटते. नभोवाणी हा शब्द मात्र मला मनापासून आवडतो. तो ‘नभोनाट्य’ या जोडशब्दात अजून तग धरून आहे. पण दोन ट्रंका फितींच्या जोरावर नभाची भाषा करणे शोभले नसते.

तेव्हा मी ‘पडवी’ निवडले. घराच्या कडेची, उतरत्या छपराची, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावे अशी जागा. नावात अर्थ होता, गावाकडचा गंध होता, आणि ते लहानही होते. रोमन लिपीत संकेतस्थळाचा पत्ता नोंदवला, पहिल्या दिवशी अकरा श्रोते आले, आणि तिसऱ्या दिवशी साताऱ्याच्या मावशीचा फोन आला की, “अरे, तुझा तो पदवीचा कार्यक्रम लागतच नाही.” मग एका परिचिताने त्यावर प्रवेशाची माहिती मिळते का, असे विचारले. फोनवर ‘ड’ आणि ‘द’ यांतला फरक पुष्कळदा हरवतो, आणि रोमन लिपीत तर तो लिहिलाच जात नाही. ज्या शहरात भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस विद्यार्थी किंवा प्राध्यापक असतो, तिथे या शब्दाचा कल कोणत्या बाजूला झुकणार हे मला आधी कळायला हवे होते. मग मी सात नातेवाइकांना फोन करून नाव एकदाच उच्चारले आणि ऐकलेले लगेच लिहून पाठवायला सांगितले. चौघांनी ‘पदवी’ लिहिले. ही परीक्षा मी नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी घ्यायला हवी होती.

‘पोटमाळा’ हे नाव शोधून सापडलेले नाही. आणखी फिती काढण्यासाठी शिडीच्या लाकडी घोड्यावर चढलो होतो, आणि आईने खालून विचारले, “सगळा पोटमाळाच लावणार आहेस का रेडिओवर?” मी उत्तर देण्याऐवजी तो शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. टाकवत नाही आणि रोज लागतही नाही असे सगळे जिथे जाते, ती ही जागा. माझ्या प्रसारणाचे याहून अचूक वर्णन मला करता आले नसते. सातही जणांनी तो बिनचूक लिहिला. रोमन अक्षरांतही सहा जणांचे स्पेलिंग एकसारखे निघाले. दोष नाहीत असे नाही. फोनमधला बोलका मदतनीस त्याचे ‘पॉट माला’ करतो आणि कुंड्यांची दुकाने दाखवतो. मराठी नसलेल्या माणसाला ‘ळ’ जमत नाही. पण ज्याला ‘ळ’ जमत नाही त्याला ओव्याही फारशा कळणार नाहीत, असे म्हणून मी तो दोष पत्करला. ‘.भारत’ने संपणारा देवनागरी पत्ताही घेता आला असता. मात्र माझ्या ओळखीतले बहुतेक लोक मराठी बोलतात आणि पत्ता रोमनमध्येच टंकतात, हे मान्य करून मी तो विचार पुढे ढकलला.

‘रेडिओ’ हा शब्द आधी घ्यायचा की नंतर, यावर घरात बराच खल झाला. ‘पोटमाळा रेडिओ’ म्हटले की कोणा दुकानदाराने जुना रेडिओ विकायला काढल्यासारखे वाटते. ‘रेडिओ पोटमाळा’ म्हटले की पहिल्या शब्दाने कान सावध होतो आणि दुसरा नीट ऐकू येतो. श्रोत्यांना ‘आपण’ म्हणावे की ‘तुम्ही’, हाही ओळखीचाच भाग आहे. आकाशवाणीचे ‘आपण’ ऐकत मी वाढलो आणि ते मला आजही सुंदर वाटते, पण आजीच्या कहाणीच्या आधी ते इस्त्रीच्या धोतरासारखे दिसत होते. मी ‘तुम्ही’ ठेवले.

नावानंतर धून. आकाशवाणीची सकाळची धून वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराने १९३६ मध्ये बांधली, आणि ती आजही नाव न घेता केंद्राची ओळख पटवते. हे वाचून माझ्याही डोक्यात सनई वगैरे येऊन गेली. शेवटी मी तपकीर गल्लीतून एक बरा मायक्रोफोन आणला आणि ट्रंकेची कडी उघडण्याचा आवाज घेतला. आधी त्यात लाकडी घोड्याची करकर, धूळ झटकणे आणि तंबोरा असे मिळून १४ सेकंदांचे प्रकरण झाले होते. ते दर पाव तासाला लागणार, म्हणजे दिवसातून ९६ वेळा, म्हणजे रोज सुमारे २२ मिनिटे नुसती करकर. चार सेकंदांवर आणल्यावर हीच बेरीज साडेसहा मिनिटांच्या आत आली. शिवाय ६४ केबीपीएसच्या, म्हणजे आवाज बराच दाबून पाठवणाऱ्या, प्रवाहात घोड्याची करकर पार चिरडून जात होती, तर कडीचा खटका स्पष्ट राहत होता. त्यामुळे काय कापायचे याचा निर्णय यंत्रानेच दिला. वेळ सांगण्याची हौसही सोडावी लागली. इंटरनेटवरून आवाज पोचायला वीस-तीस सेकंद सहज लागतात, आणि प्रत्येक श्रोत्याचा उशीर वेगळा असतो. त्यामुळे ‘आता आठ वाजले आहेत’ हे वाक्य माझ्या रेडिओवर कोणाच्याही बाबतीत खरे ठरत नाही.

उरला प्रश्न नाव कोणी उच्चारायचे याचा. मी स्वतः आठ-दहा वेळा ध्वनिमुद्रण केले. प्रत्येक वेळी आवाज नकळत खर्जात जाई, आणि पत्नीने ते ऐकून “हा कोणाचा आवाज काढतोयस?” असे विचारल्यावर मी ते सगळे पुसून टाकले. मग आईला बसवले. ती ७८ वर्षांची आहे. तिने चष्मा लावला, कागद वाचला आणि शंका काढली, “नुसतं पोटमाळा म्हटलं तर चालणार नाही का? ऐकणाऱ्याला रेडिओ आहे ते कळतंच की.” ती बरोबर होती. आता तासाच्या सुरुवातीला माझ्या आवाजात पूर्ण नाव येते, आणि मधल्या प्रत्येक पाव तासाला कडीचा खटका व त्यामागून आईचे एकशब्दी ‘पोटमाळा’, ज्यातला ‘ळ’ मला शंभरदा प्रयत्न करूनही तसा म्हणता आला नसता.

लिपीचा घोळ त्यानंतर निस्तरला. मी वापरतो ते आइसकास्ट हे प्रसारणाचे सॉफ्टवेअर एमपीथ्री प्रवाहातली शीर्षके मुळात लॅटिन अक्षरांची समजते, त्यामुळे पहिले काही दिवस श्रोत्यांच्या पडद्यावर ओव्यांच्या नावांच्या जागी विचित्र चिन्हांच्या रांगा दिसत होत्या. अक्षरसंच यूटीएफ-८ (ज्यात सगळ्या लिप्या मावतात) असा नोंदवल्यावर देवनागरी उमटली. बोधचिन्ह अजून झालेले नाही. भाचीने शिडी, ट्रंक आणि कौले असलेले एक देखणे चित्र काढून दिले होते, पण फोनवरच्या यादीत ते नखाएवढे झाले की त्यातले काहीच ओळखू येत नाही. सध्या तिथे पिवळ्या चौकोनावर ‘पो’ एवढे एकच अक्षर आहे.