सात ताटं बद्द वाजली

पाचवं ताट हातात घेतलं, बोटाच्या पेराने कडेवर वाजवलं, आणि ते बद्द वाजलं. पुन्हा वाजवलं. बद्दच. खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं तर काहीच दिसेना. पिवळी कड, मधे ऑलिव्ह झोडपणारी माणसं, वर चकचकीत झिलई.

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात, एव्होरा शहरात आमचं लहानसं दुकान आहे. मालकीणबाई, मी आणि पॅकिंगला एक मुलगा. विक्री बहुतेक ऑनलाइनच. माल दोन तऱ्हेचा: हाताने रंगवलेली लाल मातीची भांडी आणि आल्कोबासाकडच्या लव्हाळ्याच्या विणलेल्या पिशव्या. पिशव्यांचं बरं असतं, पडल्या तरी फुटत नाहीत. फक्त प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळायच्या नाहीत, पावसाळी हवेत बुरशी धरते. हे मी तीन पिशव्यांची वाट लावून शिकले.

भांडी मात्र मी एकेक वाजवून घेते. ही काही इथली शिकवण नाही. कोल्हापूरला आई माठ घेताना दहा माठांना टिचक्या मारायची, तीच सवय. मालकीणबाई आधी हसायच्या.

त्या मंगळवारी टेबलावर 36 ताटं होती. नेदरलँड्समधल्या एका बाईंच्या वडिलांचा ऐंशीवा वाढदिवस, शनिवारी जेवण. छत्तीस वाजवून झाली तेव्हा सात बाजूला निघाली होती. एकावर मालकीणबाईंनी निळी शाई सोडली आणि पुसली. झिलईच्या आत केसाएवढी रेघ उमटली, काठापासून थेट मधल्या माणसाच्या टोपीपर्यंत. गरम रस्सा वाढला असता तर ताटाचे दोन तुकडे झाले असते.

"गाडीत आपटली असतील," मुलगा म्हणाला. पण आपटलेल्या ताटाचा काठ उडतो, इथे टवकासुद्धा नव्हता. सातही ताटं गाडीत घातली आणि आम्ही दोघी साओ पेद्रो दो कोर्व्हालला निघालो. चाळीसेक किलोमीटर, द्राक्षमळे आणि बाटलीच्या बुचाच्या ओक झाडांमधून. गावात शिरलं की दर चार घरांआड कुंभाराचं दुकान लागतं, भिंतीवर ताटं टांगलेली.

आमचे कुंभारकाका सत्तरीचे. काही न बोलता त्यांनी एक ताट तीन बोटांवर तोललं, वाजवलं, खाली ठेवलं. दुसरं वाजवलंच नाही. मग मालकीणबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही किती वेळा फोन केलात?"

तीन वेळा. तिन्ही मीच केले होते, मालकीणबाईंच्या सांगण्यावरून, ताटं लवकर हवीत म्हणून.

झालं होतं असं. भट्टी हजार अंशांच्या आसपास जाते आणि मग आपल्या गतीने निवते. आत हात घालता येईपर्यंत दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. आमच्या तिसऱ्या फोननंतर काकांनी शुक्रवारी उघडायचं दार गुरुवारी उघडलं. थंड हवा आत गेली. पसरट ताटाची कड आधी निवते, मधला भाग गरमच राहतो. कड आकसते, मधला भाग आकसत नाही, आणि माती तडकते. त्याच भट्टीतले वाडगे ठणठणीत होते.

मालकीणबाई गप्प. मी उगाच कोपऱ्यातल्या लाकडी काथवटीकडे पाहत राहिले. "गामेला," काका मला म्हणाले, विषय बदलायला असेल. आपला घमेलं हा शब्द इथलाच, हे मला तेव्हा कळलं. एरवी मी आनंदाने उडालेच असते.

शनिवारपर्यंत नवी सात ताटं होणं शक्य नव्हतं. परतल्यावर नेदरलँड्सला फोन मी केला. तडे गेल्याचं सांगितलं, आम्ही घाई केल्याचंही सांगितलं. मालकीणबाईंना हे दुसरं फारसं आवडलं नाही. फोनवरच्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "29 पाठवा, सातांचे पैसे परत करा." बस. नंतर ना तक्रार आली, ना कौतुक.

आमच्या वेबसाइटवर प्रत्येक ताटाखाली ठळक अक्षरांत "पाच दिवसांत पोच" असं होतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं, चांगलं खपतं म्हणून. त्या संध्याकाळी ते काढून "तीन ते चार आठवडे" घातलं. पुढच्या आठवड्यात ऑर्डरी कमी झाल्या. मालकीणबाई तो आकडा रोज बघतात आणि मग माझ्याकडे.

सातातलं एक ताट मी घरी आणलं. दाराशी ठेवलंय, चाव्या टाकायला. टाकल्या की बद्द वाजतं.