आधी इंजिनरूम दाखवा

फोनमध्ये माझा 'वेड्या बोटी' नावाचा एक फोल्डर आहे. बायकोच्या मते त्यात आमच्या लग्नापेक्षा जास्त फोटो आहेत, आणि तिचं चुकत नाही. बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर माणसानं बोटींकडे पाठ फिरवावी, तर माझं उलटंच झालं. समुद्रावर लांब फिरायला बांधलेल्या छोट्या खासगी बोटी बघत बसायचा नाद लागला. त्यांतल्या निम्म्यांवर मी फिदा आहे. पण त्याच निम्म्यांतून महासागर ओलांडायचा म्हटलं तर काढता पाय घेईन.

ट्रॉलर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाळं ओढणारी, दुरूनच वास देणारी बोट येते. माझ्या फोल्डरमधल्या बोटींना ट्रॉलर यॉट म्हणतात, त्या म्हणजे तिच्या शहरी भाच्या. नाकडोळे मावशीचे, पण जन्मात जाळं ओढलेलं नाही.

माझं पहिलं प्रेम ग्रँड बँक्स ३६. हाँगकाँगच्या अमेरिकन मरीननं १९६० च्या दशकात ती बांधायला घेतली, आधी लाकडात आणि १९७३ पासून फायबरग्लासमध्ये. पुढून मागे उतरत जाणारी रेघ, मधोमध छोटी डोलकाठी, लाकडाच्या चौकटीतल्या काचा. शाळकरी पोरानं बोटीचं चित्र काढलं तर असंच काढेल. मात्र पाण्याखाली मागचा भाग सपाट आहे. त्यामुळे मोठं इंजिन लावून ती थोडी पळवता येते, पण मागून तिरपी लाट आली की तीच सपाट पिछाडी उचलली जाते आणि सुकाणूवरचा माणूस घामाघूम होतो. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायला सोनं. त्यापुढे मी नाही.

वेगाचं गणित तर रुसून बदलत नाही. पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, की बोटीचा सहज गाठता येणारा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. ३६ फुटांना ८ नॉट. त्यापुढे रेटायला गेलात की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते आणि टाकीतलं डिझेल डोळ्यांदेखत उतरतं.

रॉबर्ट बीबी या अमेरिकन नौदलातल्या कॅप्टननं हे निमूटपणे मान्य केलं. १९६३ साली त्यानं सिंगापूरला ५० फुटी 'पॅसेजमेकर' बांधून घेतली आणि फक्त इंजिनाच्या जिवावर लांबलांबचे समुद्र पार केले. बाजूनं बघताना पाण्यावर किती अंग दिसतं आणि पाण्याखाली किती, या प्रमाणावर त्याचा फार कटाक्ष, कारण वरचं अंग जास्त झालं की बोट डोईजड होते. तेव्हापासून मला खोड लागली आहे. बोट सुक्या गोदीत उभी असल्याचा फोटो मिळाला की पाण्यावरचा भाग अंगठ्यानं झाकतो. उरलेलं अंग बारीक दिसलं तर फोल्डरमध्ये ठेवतो, पण 'बघण्यापुरती' म्हणून.

जे बेनफर्डच्या फ्लोरिडा बे कोस्टर या त्या गटातल्या महाराण्या. पोलादी, उथळ, मजल्यावर मजले चढवलेल्या, बच्चेकंपनीसाठी बनवलेल्या मालवाहू जहाजासारख्या. बायकोनं फोल्डरमधून निवडलेली एकमेव बोट ही. तिला बाल्कनी आवडली. मला त्या बाल्कनीवर आडवा वारा आदळताना दिसतो. आडोशाच्या पाण्यात मात्र याहून मजेशीर घर सापडणार नाही, हे कबूल.

हेलकाव्यांचं काय, हा प्रश्न बोट विकणारे फार वेळ चघळू देत नाहीत. गोल पोटाची बोट डिझेल कमी पिते, पण पाळण्यासारखी डुलते. शिडाच्या होडीला निदान शीड धरून ठेवतं, हिला कोण धरणार? जुन्या मच्छीमारांचा उपाय मला आजही सगळ्यात पटतो. दोन्ही बाजूंना लांब दांडे काढायचे आणि त्यांवरून 'मासे' सोडायचे, म्हणजे पंख असलेले जड धातूचे तुकडे, पाण्याखालून ओढत न्यायचे. बोट कलली की वर जाऊ पाहणाऱ्या बाजूला तिथला मासा खाली ओढून धरतो. वीज नको, हायड्रॉलिक नको. थोडा वेग जातो, साखळी रात्रभर गुणगुणते, आणि उथळ पाण्यात विसरलात तर तळाला अडकतात. तरी ज्याला बोट लागते त्याला विचारा, अर्धा नॉट काय, दोन देईल.

'विंड हॉर्स'चा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा गस्तीची बोट समजून पुढे गेलो होतो. स्टीव्ह आणि लिंडा डॅशू या जोडप्यानं शिडाच्या बोटींवर उमेदीची वर्षं काढली आणि मग न्यूझीलंडमध्ये ही ८३ फुटी बोट बांधून घेतली. उघडं ॲल्युमिनियम, सुरीसारखं लांबट अंग. रंगच नाही, तर दर वर्षी खरवडायचं काय? वेग लांबीतून मिळतो, आणि पालथी पडली तरी परत सरळ व्हावी या हिशोबानं आखणी. तक्रार एकच, की एवढ्या लांबीच्या मानानं राहायची जागा थोडी. चार दिवसांनी तो फोटो मी शोधून परत आणला.

आणि एक फोल्डरबाहेरची. ओळखीतल्या एकानं हौसेनं स्वतःची ट्रॉलर दाखवायला बोलावलं. गुळगुळीत सागवान, पेले उलटे टांगायची पितळी पट्टी, प्रत्येक पेल्याला चामड्याची गादी. मी म्हटलं, शाफ्टचं सील कुठे आहे, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारं? तो घुटमळला. मग आम्ही दोघांनी मिळून मागच्या केबिनमधली गादी उचलली, प्लायवूड उचललं, त्याखालच्या झाकणाचे सहा स्क्रू काढले. मी उताणा पडून टॉर्च आत घातला. समुद्राच्या पाण्याच्या व्हॉल्व्हवर बोटभर हिरवा थर आणि हँडल गायब. पाइप फुटला तर हा व्हॉल्व्ह अंधारात, डुलत्या बोटीत, गादी उचलून, सहा स्क्रू काढून बंद करायचा होता. पकड घेऊन.

मी कपडे झटकत वर आलो. "मग, कशी वाटली?" त्यानं विचारलं.

"पेले झकास आहेत," मी म्हटलं.