आडवे पडलेले माड

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा त्याची दक्षिणेकडची कड दापोली तालुक्यातील आमच्या माड-पोफळीच्या वाडीवरूनही गेली. किनारा ओलांडताना वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता, अशी हवामान खात्याची नोंद आहे. आमच्या बावीस गुंठ्यांतील अडतीस माडांपैकी चौदा माड आणि निम्म्याहून अधिक पोफळी दुपारपर्यंत आडव्या झाल्या. त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते त्या चौदा माडांच्या खोडांमध्ये पुढच्या दोन वर्षांत काय घडले त्याविषयी, कारण ते नुकसान कोणत्याही पंचनाम्यात आले नाही आणि त्यातला मोठा वाटा आमचा स्वतःचा होता.

वादळानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. टाळेबंदीमुळे गडीमाणसे मिळत नव्हती, कटरवाल्यांकडे महिनाभराची रांग होती आणि पंचनामा होईपर्यंत झाडे हलवू नका, असे तोंडी सांगण्यात आले होते. पंचनामा झाला तोवर पावसाने जोर धरला होता. पोफळी हलक्या, त्या कशाबशा ओढून बाहेर काढल्या. माडांचे मात्र दोन-दोन हातांचे ओंडके करून ते वाडीच्या मागच्या गडग्याला (दगडी कुंपणाला), गायरीच्या म्हणजे शेणखताच्या खड्ड्याच्या शेजारी रचून ठेवले. कोकणातल्या घरात काही फुकट घालवण्याची पद्धत नाही. माडाचे खोड पूर्वी पन्हळीला आणि साकवाला वापरले जाई, पण आता ते सरपणासाठीही कोणी नेत नाही. धाकटे काका म्हणाले, "राहू देत तिथेच, दोन पावसाळ्यांत कुजतील, आगराला खत होईल." मलाही ते पटले होते, हे येथे कबूल करतो.

पुढच्या फेब्रुवारीत त्यातला एक ओंडका सहज लाथेने ढकलला, तर पाय आतच गेला. साल शाबूत होती आणि आतला गर भिजलेल्या भुशासारखा झाला होता. कोयतीने तो उभा फोडला, तेव्हा आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या आणि अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या एकमेकींना चिकटून पडलेल्या दिसल्या. शेपटीकडचा भाग आतल्या मातकट खाण्यामुळे निळसर काळा दिसत होता. त्या एकाच तुकड्यात एकेचाळीस अळ्या मोजल्या आणि मग मोजणे सोडून दिले. काही ठिकाणी भुशाचीच गुळगुळीत कोठी करून त्यात कोष बसले होते आणि एका कोठीत पूर्ण तयार झालेला, डोक्यावर मागे वळलेले शिंग असलेला काळा भुंगा बाहेर पडण्याची वाट पाहत होता.

गेंड्या भुंगा आमच्याकडे नवा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीतल्या दिव्यावर आदळणारा तो किडा लहानपणापासून पाहिला आहे. आम्ही त्याला दोरा बांधून उडवत असू. त्याची एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत नीट ध्यानात घेतली नव्हती. हा भुंगा माडाचा शत्रू असला, तरी त्याची पिल्लावळ जिवंत माडात कधीच वाढत नाही. मादी अंडी घालते ती शेणखतात, पालापाचोळ्याच्या ढिगात, कुजक्या बुंध्यात आणि मेलेल्या खोडात. अळी तीन ते सहा महिने तेथे मुकाट्याने कुजके खाऊन वाढते आणि भुंगा झाल्यावर रात्री उडून जिवंत माडाच्या शेंड्यात शिरतो. म्हणजे ज्याला आपण माडावरची कीड म्हणतो, तिचे घर माडाच्या खाली, आपल्याच गायरीत असते. वादळाने चौदा घरे बांधून दिली आणि आम्ही ती गायरीशेजारी नीट रचून ठेवली.

शेंड्यातील नुकसान लगेच दिसत नाही, हीच त्यातली अडचण आहे. भुंगा न उमललेल्या कोवळ्या पात्यांच्या सुरळीला भोक पाडून आतला रस चोखतो. ते पान काही महिन्यांनी उलगडते, तेव्हा कोणी घडी घातलेला कागद कात्रीने कापून मग उघडावा तसे दोन्ही बाजूंनी सारखे, पंख्याच्या आकाराचे कापलेले दिसते. मोठा माड असे पाच-सहा घाव पचवतो, फार तर पोय (माडाचा फुलोरा) आतल्या आत कुरतडली गेल्याने त्या वर्षी नारळ कमी धरतात. लहान माडाला ते परवडत नाही. पडलेल्या चौदांच्या जागी आम्ही 2020 च्याच पावसाळ्यात बाणवली या उंच जातीची रोपे लावली होती. बाणवलीला पहिली पोय यायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणून घाई केली होती. त्यांपैकी पाच रोपांचा कोंब दोन वर्षांच्या आत मधूनच सडून गेला. हाताने हलकेच ओढला तरी तो सुटून हातात येई आणि त्याला आंबूस घाण येई.

आमच्या घराला वाडीची निगा माहीत नव्हती, असे नाही. पोफळीच्या कोळेरोगासाठी, म्हणजे फळे सडून गळण्याच्या रोगासाठी, दर पावसाळ्याच्या आधी बोर्डोची फवारणी चुकत नाही. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद लोखंडी भांड्यात कधी कालवायचे नाही. आणि मिश्रण तयार झाले की घासलेल्या विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवून पाहायचे, त्यावर तांबूस थर धरला तर आणखी चुना घालायचा. हे काकांनी त्यांच्या काकांकडून घेतलेले आहे. पण ही सारी शिस्त पावसाबरोबर येणाऱ्या, वरून खाली गळणाऱ्या रोगासाठी होती. गडग्यामागच्या ढिगाकडे पाहण्याची सवय तिच्यात कोठेच नव्हती.

गेंड्यामागून सोंड्या आला. लालसर तपकिरी, पुढे लांब सोंड असलेला हा भुंगा गेंड्याने केलेल्या जखमेच्या वासावर येतो, तेथेच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून खोड पोखरतात. गेंड्या बाहेर वाढून आत खायला येतो, हा मात्र सगळा जन्म आतच काढतो, त्यामुळे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. विहिरीजवळच्या माडाच्या बुंध्यातून तांबूस चिकट पाणी ओघळताना नारळ पाडणाऱ्या पाडेल्याने दाखवले आणि म्हणाला, "भाऊ, कान लावून बघा." खोडाला कान लावला, तर आत कोणीतरी सावकाश कुरमुरे चावत असल्यासारखा आवाज येत होता. तो माड मी शाळेत होतो तेव्हापासून शहाळी देत होता. ऑगस्टमध्ये त्याचा शेंडा एका बाजूला कलंडला. या वेळी मात्र तो पाडल्याच्या दिवशीच चिरून, फोडून, पोकळ भागात रॉकेल ओतून जाळला.

आता आम्ही जे करतो, त्यात नवे असे काही नाही. पाडेली नारळ पाडायला चढतो, तेव्हा त्याच्याबरोबर वाकवलेली तार असते. शेंड्यात ताजा चोथा बाहेर आलेला दिसला की ती भोकात घालून भुंगा ओढून काढतो. लहान माडांच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग मिसळून मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये भरतो. गायरी उन्हाळ्यात एकदा पूर्ण उपसतो. त्या दिवशी शेजारच्या कोंबड्या न बोलावता येतात. गायरीत मेटारायझियम या बुरशीची भुकटीही कालवतो. पावसाळी ओलाव्यात ती चांगली धरते आणि मेलेली अळी कडक होऊन तिच्यावर हिरवी भुकटी चढलेली दिसते. भुंग्यांना वासाने ओढून पकडणाऱ्या गंध-सापळ्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या एकट्या वाडीत तो मधोमध टांगणे म्हणजे चार वाड्यांमधल्या भुंग्यांना आपल्याकडे जेवायला बोलावणे होय. आसपासच्या सगळ्या वाड्यांनी मिळून कडेकडेने लावले, तरच त्याचा उपयोग होतो.

सामोआ बेटांवर हा भुंगा 1909 च्या सुमारास श्रीलंकेतून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर पोहोचला आणि तेथे त्याला खाणारे, मारणारे कोणीच नसल्याने त्याने माडांची दैना केली. पुढे 1960 च्या दशकात मलेशियात सापडलेला एक विषाणू सोडल्यावर तो पुष्कळसा आटोक्यात आला. आपल्याकडे तो मूळचाच आहे, त्याचे वैरीही येथे आहेत. एरवी तोल राहतो. पण एका दुपारी हजारो खोडे एकदम जमिनीवर पडली, की वैरी पुरे पडत नाहीत. वर्षभराच्या आत, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि त्याने त्यात भर घातली.

वादळानंतरच्या सरकारी मदतीचा हिशेब आधी हेक्टरी होता. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या वाडीला त्यातून काय मिळणार, हा आक्षेप तेव्हा सर्वांनी घेतला आणि तो रास्तच होता. पण पडलेले खोड वाडीबाहेर काढण्याचा खर्च माझ्या पाहण्यात कोणीच मागितला नाही. मीही मागितला नाही, कारण खोड पडून राहिल्याने काही बिघडते, हे तेव्हा डोक्यातच नव्हते.

आमच्या उत्तरेला लागून असलेली वाडी मुंबईकरांची आहे. घर गणपतीत आणि मे महिन्यात उघडते, एरवी फाटकाला कुलूप असते. तेथे निसर्गमध्ये पडलेले नऊ माड होते तसेच होते, वर घाणेरीचे रान माजले होते. मी फोन केला तेव्हा त्यांना वाटले की मला खोडे हवी आहेत. घेऊन जा, म्हणाले. अळ्यांचा फोटो पाठवल्यावर गणपतीत आले, ते स्वतः कोयती घेऊन मागे उतरले. दोन दिवसांत सात माड फोडून झाले. उरलेले दोन विहिरीच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीत आहेत; तेथे अजून कोणी शिरलेले नाही. गेल्या महिन्यात आमच्या गडग्याकडच्या रोपावर पुन्हा पंख्यासारखे कापलेले एक पान उलगडले आहे.